होडीमागचें जुनें एंजिन



होडी आणि तिच्या पिछाडीस टांगलेलें एंजिन यांचीं वयें क्वचितच सारखीं असतात. दोहोंपैकीं आधीं म्हातारें कोण होतें, यावर कोंकणच्या कोणत्याहि बंदरावर दिवेलागणीपर्यंत वाद घालतां येईल. त्या वादांत आज मला पडावयाचें नाहीं. ज्यांच्या घरीं अशी एक जुनी होडी आहे, आणि जिचें एंजिन आतां दहा वेळां दोरी ओढल्यावांचून बोलत नाहीं, त्यांनीं नवें एंजिन घ्यावें कीं जुन्याचीच डागडुजी करीत राहावें, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

ओल एव्हिन्रूड या नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन यंत्रकारानें १९०९ सालीं हें टांगतें एंजिन बाजारांत आणलें, त्या वेळीं त्याची शक्ति दीड घोड्याची होती. पुढें त्याच्या नांवाचीं एंजिनें शंभर वर्षांहून अधिक काळ निघत राहिलीं आणि २०२० सालीं तीं निघावयाचीं थांबलीं. ही हकीगत मुद्दाम सांगतों. एंजिनाचें आयुष्य त्याच्या धातूवर जितकें अवलंबून असतें, तितकेंच सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानदारावरहि असतें. आपल्या एंजिनाचा पंप आणि गास्केट बंदराच्या गांवीं मिळतात कीं मुंबईहून मागवावे लागतात, याची चौकशी मालकानें सर्वांत आधीं करावी.

माझे एक स्नेही निवृत्तीनंतर मालवणजवळ देवबाग येथें राहूं लागले. कर्ली नदीची खाडी तेथें समुद्रास मिळते. त्यांची होडी सोळा फुटी, फायबरची. एंजिन २५ अश्वशक्तीचें टू-स्ट्रोक, वीस वर्षांचें. सुटीस नातवंडें आलीं असतां एके सायंकाळीं ऐन ओहोटीच्या वेळीं एंजिन बंद पडलें आणि होडी खाडीच्या मुखाकडे ओढली जाऊं लागली. मुखापाशीं वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात; तेथें होडी आडवी झाली तर तिचें काय होतें हें त्या गांवांत कोणासहि सांगावें लागत नाहीं. सुदैवानें नांगरानें तळ धरला आणि शेजाऱ्याच्या होडीनें त्यांना ओढून आणलें. घरीं आल्यावर त्यांच्या पत्नीनें एवढेंच सांगितलें, “एंजिन बदला, नाहीं तर होडी विका. पोरें आतां तिच्यांत बसणार नाहींत.” स्नेह्यांचा मात्र जुन्या एंजिनावर जीव. निवाडा करण्यासाठीं मला बोलावण्यांत आलें.

मी आधीं होडी पाहिली. लोकांस याचें आश्चर्य वाटतें. पण ज्या फळीवर एंजिन टांगावयाचें तीच कुजली असेल तर नवें एंजिन घेणें म्हणजे पडक्या भिंतीस नवी खुंटी ठोकणें होय. फायबरच्या होडींत या फळीच्या पोटांत बहुधा प्लायवूड असतें. बोल्टांच्या भोंकांतून पाणी शिरलें कीं तें आंतल्या आंत कुजतें, आणि वरून रंग मात्र छान दिसतो. लाकडी हातोडीनें वाजवून पाहावें: धड फळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते. आमची होडी उजव्या बोल्टाभोवतीं वीतभर बद्द वाजली.

नंतर एंजिन. तें बंद कां पडलें याचा शोध अर्ध्या तासांत लागला. पेट्रोलची रबरी नळी आंतून सुटून तिचे कण कार्बुरेटरांत अडकले होते. आज आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं, हवेंतील ओलावाहि शोषून घेतें. म्हणून टाकींत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवणें हें खाडीकांठच्या दमट हवेंत विशेष घातक. नळीची किंमत अगदींच किरकोळ. स्नेह्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या पत्नीचा उजळला नाहीं.

परंतु इतक्यावर थांबण्याजोगें तें प्रकरण नव्हतें. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. दोहोंत दहा टक्क्यांच्या आंत फरक असला तर चिंता नसते; येथें एकाचा दाब दुसऱ्याहून जवळजवळ चतुर्थांशानें कमी भरला. खालच्या गिअरचें तेल काढलें तें दुधाळ निघालें, म्हणजे सील झिजून आंत खारें पाणी शिरलें होतें. थंड करणाऱ्या पाण्याची धारहि बारीक होती, पण तिला मी फारसें महत्त्व दिलें नाहीं. पंपांतील रबरी चाक हें दर वर्षा-दोन वर्षांनीं बदलावयाचेंच असतें. दाब आणि गिअर या दोहोंचा खर्च मेस्त्रीनें सांगितला, तो नव्या एंजिनाच्या निम्म्या किंमतीपलीकडे गेला. माझ्या मतें ही मर्यादा ओलांडली कीं दुरुस्तीचा हट्ट सोडावा. निकाल नव्या एंजिनाच्या बाजूनें लागला खरा, पण ज्या बिघाडानें सारें घर घाबरलें त्याचा या निकालाशीं कांहीं संबंध नव्हता.

नवें घ्यावयाचें तर फोर-स्ट्रोक घ्या, पेट्रोल वांचेल, असें दुकानदार सांगतो, आणि त्यांत तथ्य आहे. जुन्या टू-स्ट्रोक एंजिनांत न जळलेलें कांहीं पेट्रोल धुराबरोबरच बाहेर पडतें; हें प्रमाण २५-३० टक्क्यांपर्यंत जाऊं शकतें. अमेरिकेंत १९९६ सालीं धुराचे जे नियम झाले ते २००६ पर्यंत टप्प्याटप्प्यानें लागू झाले आणि असलीं एंजिनें तेथील नव्या विक्रींतून जवळजवळ नाहींशीं झालीं. पण हौशी मालकानें हिशोब करून पाहावा. एंजिन वर्षांत ४० तास चाललें, ताशीं ८ लिटर पेट्रोल खाल्लें, आणि नव्यानें त्यांतला तिसरा हिस्सा वांचविला, तर वर्षाकांठीं सुमारें १०५ लिटर वांचतील. तेवढ्यानें एंजिनाची किंमत भरून निघावयाची नाहीं. रोज उतारू नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या शेकडों तासांस हाच हिशोब फळतो.

फोर-स्ट्रोकचें खरें ओझें त्याच्या वजनांत आहे. मोठ्या शक्तीच्या एंजिनांत तें टू-स्ट्रोकहून वीस किलोंनींहि अधिक भरतें. जुन्या होडीची पिछाडी तेवढी बुडली तर मागून येणारी लाट सरळ आंत येते. म्हणून आम्हीं २५ ऐवजीं २० अश्वशक्तीचें एंजिन निवडलें; वेग थोडा उतरला, पण वजन जवळजवळ तेंच राहिलें. दुसरें पाहावयाचें तें दांड्याच्या लांबीचें. होडीच्या फळीची उंची सुमारें १५ इंच असेल तर आंखूड दांडा, २० इंच असेल तर लांब; येथें चूक झाली तर पंखा एक तर हवा घोटतो, नाहीं तर पाण्याला उगीच अडथळा करतो.

पावसाळ्यांत होडी वर ओढलेली असतां फळी कापून नवी बसविली, आणि मगच एंजिन आणलें. जुनें एंजिन मेस्त्रीनेंच सुट्या भागांसाठीं घेतलें. वल्हीं आणि नांगर होडींत कायम ठेवण्याची अट पत्नीनें घातली, ती स्नेह्यांनीं मुकाट्यानें मान्य केली. नव्या एंजिनास पहिले दहा तास पूर्ण वेगानें पळवावयाचें नसतें; ते दहा तास दोघांनीं खाडींतल्या खाडींतच फिरून काढले, आणि त्यांची नोंद बाईंनीं किराण्याच्या वहीच्या मागल्या पानावर ठेवली.