घशाचे दुखणे आणि जंतूंची ओळख

(लोहारदा, जिल्हा देवास, येथील भाषणाचा मजकूर)



कुमार गंधर्वांचे दीर्घ वास्तव्य ज्या देवासमध्ये झाले, त्या जिल्ह्यात गळ्याचे मोल मी सांगावयास नको. आज मात्र मला शाळकरी मुलांच्या दुखऱ्या घशाविषयी बोलावयाचे आहे.

घसा दुखला की आपण मिठाच्या गुळण्या करावयास लावतो, हळदीचे दूध देतो. बहुतेक वेळी तेवढ्याने भागते. कारण अशी दुखणी बहुधा विषाणूंची असतात आणि आपोआप बरी होतात. परंतु काही मुलांच्या घशात साखळीसारखे जोडलेले स्ट्रेप्टोकॉकस जंतू असतात. त्यांतील 'ए' गटाच्या जंतूंवर वेळीच उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजू शकतात आणि हृदयाच्या झडपा जन्मभरासाठी अधू होऊ शकतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा धोका विशेष असतो.

या जंतूंचे गट रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन विदुषींनी १९३३ मध्ये पाडले. जंतूंच्या आवरणातील शर्करा ओळखणारी प्रतिपिंडे त्या काळी सशाच्या रक्तातून मिळवीत. पण ते रायवळ आंब्यासारखे होते. प्रत्येक झाडाची चव निराळी, आणि झाड गेले की ती चवही गेली. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी त्याचे कलम बांधले, असे म्हणता येईल. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनविणारी पेशी त्यांनी अखंड वाढणाऱ्या कर्कपेशीशी एकजीव केली. अशा एकाच पेशीच्या वंशातून तंतोतंत एकसारखी प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. हीच 'मोनोक्लोनल' प्रतिपिंडे. १९८४ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

अशी प्रतिपिंडे वापरून घशाची तपासणी थोडक्या वेळात होते. टॉन्सिलवरून कापसाचा बोळा फिरवितात, द्रावणाने जंतूंची शर्करा सोडवून घेतात व पट्टीवर थेंब सोडतात. जंतू पुरेसे असल्यास दहा मिनिटांच्या आत रंगीत रेघ उमटते. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहावयाचे तर एक-दोन दिवस लागतात. आणि मजुरी बुडवून आलेली माता दुसऱ्यांदा येईलच, याची खात्री कोणी द्यावी?

तथापि रेघ उमटली नाही म्हणून जंतू नाहीतच, असे समजू नये. संशय असल्यास डॉक्टर जंतू वाढवून पाहण्यास सांगतात. खोकला-सर्दी नसताना ताप, गिळताना वेदना व मानेत दुखऱ्या गाठी असल्यास गुरुजींनी मुलाला दवाखान्यात पाठवावे. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी सांध्यांचा ताप टळू शकतो. गोळ्या दिल्या असतील तर त्या पूर्ण दहा दिवस घ्यावयाच्या असतात. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले म्हणून त्या फडताळात ठेवू नयेत. ज्याला हा ताप एकदा येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. अशा मुलाची पुढील तारीख शाळेच्या हजेरीपटावरही लिहून ठेवावी, ही गुरुजनांना माझी विनंती आहे.