चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही कोठे होता?



ज्या वस्तूविषयी आज बोलायचे आहे, ती आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यावर असेल. गोठा, पिठाची गिरणी, गोदाम यांवर जो करडा, नागमोडी पत्रा दिसतो, त्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो. त्यात सिमेंट असते हे खरे. पण आजवर असे जे बहुसंख्य पत्रे बसले, त्यांना बळकटी आली ती अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, दगडच म्हणा ना. पण हा दगड कापसासारखा पिंजता येतो, सुतासारखा कातता येतो आणि आगीत जळत नाही. शिवाय स्वस्त. तेव्हा विसाव्या शतकाने त्याला बॉयलरच्या वेष्टनापासून मोटारीच्या ब्रेकपर्यंत सर्वत्र स्थान दिले, यात नवल नाही.

त्याची धूळ वाईट, हे लवकरच ध्यानात आले होते. ब्रिटनमध्ये 1930 साली सरकारी चौकशीचा अहवाल निघाला आणि 1931 साली कारखान्यांतील धुळीसाठी नियम झाले. परंतु ते नियम एका समजुतीवर उभे होते. ती समजूत अशी की, हे दुखणे कारखान्यात वर्षानुवर्षे दाट धूळ खाणाऱ्या कामगाराचे आहे. भिंतीबाहेरच्या माणसाने काळजी करण्याचे कारण नाही.

ही समजूत मोडली ती दक्षिण आफ्रिकेत. किंबर्ली हे हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयात डॉ. स्लेग्ज काम करीत. छातीत पाणी झालेले रोगी त्यांच्याकडे येत आणि क्षयावरचे उपचार घेत. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. गावाच्या पूर्वेकडून आलेले रोगी औषधाने बरे होत. पश्चिमेकडून आलेल्यांपैकी काहींना मात्र औषध मुळीच लागू पडत नसे. औषध तेच, डॉक्टर तेच. मग दिशेने काय फरक पडावा?

पश्चिमेला डोंगर होते आणि त्या डोंगरांत निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. इकडे जोहान्सबर्गला डॉ. वॅग्नर यांनी 1956 साली एका मृत कामगाराची छाती तपासली. क्षय समजला गेलेला तो रोग वस्तुतः फुप्फुसावरणाचा कर्करोग होता. यालाच मेसोथेलिओमा म्हणतात. तो इतका दुर्मिळ मानला जाई, की असा रोग आहे की नाही यावरच वैद्यांत वाद होता. मग या दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासह रोग्यांचा पूर्वेतिहास खणून काढला आणि 1960 साली तेहतीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत बावीस पुरुष आणि अकरा स्त्रिया होत्या. एक वगळता सर्वांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी बहुधा संबंध आला होता.

पण हे सगळे खाणकामगार होते काय? नाही. त्यांत गृहिणी होत्या, गुराखी होते, शेतकरी होते; एक विम्याचा एजंट आणि एक हिशेबनीसही होता. कित्येकांचा संबंध एवढाच, की त्यांचे बालपण त्या डोंगरांत गेले होते. खाणीबाहेर टाकलेल्या चुऱ्याच्या ढिगांवर तिकडची मुले खेळत. आता काय काम करता, या प्रश्नाने रोगाचा पत्ता लागला नसता. लहानपणी कोठे राहत होता, या प्रश्नाने तो लागला.

पाच वर्षांनी लंडनमधूनही तोच निर्वाळा आला. 1965 साली तेथील शहात्तर रोग्यांची माहिती प्रसिद्ध झाली. एकतीस जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केले होते. नऊ जणांच्या घरातील कोणीतरी ते काम करीत असे. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांवर ही पाळी आली. आणि अकरा जण असे, की ज्यांचा दोष एवढाच होता, की ते कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते.

असे का व्हावे? अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कुसळांत फाटत जातो. श्वासाबरोबर ती खोल उतरतात. शरीरातील रक्षक पेशी इतर धूळ गिळून टाकतात. पण हे कुसळ पेशीहूनही लांब असू शकते, ते गिळवत नाही आणि विरघळतही नाही. ते फुप्फुसावरणापर्यंत पोहोचते आणि तेथे वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो. पेशींचा आनुवंशिक आराखडा बिघडतो. वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी गाठ दिसते. आणि दिसल्यावर बहुतेक रोगी वर्ष-दीड वर्षाचेच सोबती असतात. ब्रिटनने 1999 साली अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. तरीही तेथे या रोगाने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. जुने कर्ज आज फिटते आहे.

आता आपल्याकडे वळू. आपण अजून पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस आयात करतो. पांढरे निरुपद्रवी, निळे तेवढे वाईट, असा युक्तिवाद होतो. निळे अधिक घातक हे खरे. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार मानवाला कर्करोगकारक ठरवले आहेत. आमच्याकडे असे रोगी कोठे दिसतात, असेही विचारले जाते. बंधुभगिनींनो, आपल्या देशात छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो बहुधा खराही असतो. त्या गर्दीत किंबर्लीच्या पश्चिमेचा रोगी कोणी ओळखावा? नोंद नाही म्हणजे रोग नाही, असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली आदेश दिला, की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. या रोगाची चाल ओळखूनच हे आकडे आले आहेत. परंतु जो हंगामी मजूर हजेरीपटावरच नाही, त्याची नोंद कोण जपणार?

भिऊन घरावरचा पत्रा आजच उपटू नका. धड पत्र्यापासून धोका थोडा. तो कापणे, भोके पाडणे, घासणे, फोडणे यांत धोका आहे. काढावाच लागला तर ओला करून, अखंड उतरवावा. चुरा कोरड्या केरसुणीने झाडू नये. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. तुकड्यांच्या ढिगावर मुलांना खेळू देऊ नये.

आणि एक काम प्रत्येकाला करता येईल. अशा कारखान्यात, गोदीत, बॉयलरवर किंवा पत्रे बसवण्यावर आपण वा आपल्या वडिलांनी काम केले असेल, तर जागा आणि साल कागदावर लिहून ठेवा. दम लागून डॉक्टरांकडे जाल, तेव्हा त्यांनी विचारले नाही तरी तो कागद पुढे करा. तंतू चाळीस वर्षे विसरत नाही. आपणही विसरता कामा नये.