धडधाकट पोर अचानक का जाते?



तरणाताठा मुलगा धावता धावता कोसळून गेला, की गावात म्हणतात, ‘दृष्ट लागली’, ‘आयुष्याची दोरीच तेवढी’. दुःखात माणूस असे काहीतरी बोलणारच. पण त्याच घरातल्या पाठच्या भावंडांचे काय? मी डॉक्टर नव्हे, मास्तर आहे. जाणत्यांनी शोधून काढले तेवढेच आपल्याला सांगतो.

२६ जून २००३ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो ऐन सामन्यात कोसळला आणि दगावला. वय अवघे २८. कोणाचा धक्का नाही, मार नाही. शवचिकित्सेत हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे आढळले. लंडनचे डॉ. डोनाल्ड टीअर यांनी १९५८ सालीच तरुणांमधील अशा हृदयांचे वर्णन केले होते. पुढे १९९० साली यामागचा पहिला जनुकदोष सापडला.

या विकारात हृदयाच्या भिंतीचे तंतू वेडेवाकडे वाढतात. मग कधीतरी ठोक्यांचा ताल एकदम बिघडतो, हृदय नुसते थरथरत राहते आणि मेंदूला रक्त पोहोचत नाही. सुमारे ५०० माणसांत एकाला हा विकार असतो. आई किंवा बाप, एकाकडे जरी दोष असला, तरी प्रत्येक अपत्याकडे तो येण्याचा संभव निम्मा. मग मुलगा असो की मुलगी. मात्र घाबरून जाऊ नका. वेळीच कळले, तर पुष्कळजण नीट आयुष्य जगतात. औषधे आहेत, आणि गरज पडल्यास ताल सावरणारे यंत्र छातीत बसवता येते.

तेव्हा गुरुजी, खेळताना मूल घेरी येऊन पडले, छातीत दुखते म्हणाले, किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धापा टाकू लागले, तर ‘उपाशी असेल, ऊन लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला खेळ थांबवायला सांगा. पालकांना बोलावून विचारा, ‘तुमच्या घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अचानक गेले आहे का?’ मग डॉक्टरांकडे पाठवा. ईसीजी आणि इको, या दोन तपासण्यांत बहुधा उलगडा होतो. सुई नाही, कापाकापी नाही.

आणि कोणी डोळ्यांदेखत कोसळलेच, हाक मारूनही हलेना, श्वास नीट चालेना, तर पाणी पाजत, कांदा हुंगवत बसू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे, आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

एखाद्या घरावर असा घाला पडलाच असेल, तर त्यांचे सांत्वन अवश्य करा. दिवसकार्य आटोपले, की आईबापांना आणि राहिलेल्या भावंडांना बरोबर घेऊन जिल्ह्याच्या गावी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. आज तपासणीत काही दिसले नाही, तरी पुन्हा केव्हा दाखवायचे ते विचारून या; कारण हा विकार वाढत्या वयातही उघड होतो.