जाहिरात, बसगाडी आणि उतारू

(चौबे कॉलोनी, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातील बससेवेला पैसा तीन वाटांनी मिळतो. पहिली वाट उतारूच्या भाड्याची, दुसरी शासनाच्या व पालिकेच्या अनुदानाची आणि तिसरी इतर उत्पन्नाची. या तिसऱ्या वाटेवर जाहिरातीचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत रायपूरसाठी १०० विजेवर चालणाऱ्या बसगाड्या मंजूर झाल्या. या योजनेतील केंद्राचे साहाय्य दर किलोमीटरच्या हिशेबाने मिळणारे व ठराविक मुदतीचे आहे. उरलेला भार राज्याने व शहराने उचलावयाचा आहे. अशा वेळी ‘गाड्यांवर जाहिराती लावा, म्हणजे झाले’ हे उत्तर पालिकेच्या कचेरीत जसे सुचते, तसेच चौबे कॉलोनीतील घराघरांतही सुचते. हे उत्तर कितपत खरे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, जाहिरातदार विकत काय घेतो. वरवर पाहता तो बसच्या पाठीवरील काही चौरस फूट पत्रा भाड्याने घेतो. वस्तुतः तो उतारूचे आणि रस्त्याने जाणाऱ्याचे लक्ष विकत घेत असतो. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये हा सारा उपक्रम महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. बेस्टच्या लाल दुमजली गाडीची लांबरुंद बाजू पुढे जाहिरातदारांची आवडती जागा ठरली. परंतु ज्या लक्षाचे मोल येथे होते, ते उतारूंचे आणि नागरिकांचे होते. म्हणून त्याच्या मोबदल्यात त्यांना काय मिळाले, हे विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

फलकाकडे पाहू नये असे वाटल्यास मान वळविता येते. आवाजाच्या बाबतीत तसे करता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात १९४९ पासून ट्राम व बसगाड्यांत ध्वनिक्षेपकांवरून संगीत आणि जाहिराती ऐकविल्या जाऊ लागल्या. काही उतारूंनी दाद मागितली. १९५२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. मात्र न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याविरुद्ध मत नोंदविले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तर, आपण स्वतःच या त्रासाचे बळी असल्याने निःपक्षपाती राहता येणार नाही, असे सांगून निवाड्यात भागच घेतला नाही. कायद्याने जे चालते ते उतारूला रुचतेच असे नाही, एवढा बोध यातून घेता येतो.

जाहिरातीचा उपयोग चांगल्या रीतीने कसा करता येतो, याचीही उदाहरणे आहेत. फ्रान्समधील लियाँ शहरात १९६४ साली एका कंपनीने बसथांब्यांवर निवारे उभारले आणि त्यांची देखभाल पत्करली. मोबदल्यात तिला त्या निवाऱ्यांवर जाहिराती लावण्याचा हक्क मिळाला. या सौद्यात उतारूच्या पदरात काय पडले, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते: ऊनपावसापासून आडोसा. लंडनच्या भुयारी रेल्वेत फ्रँक पिक यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. भिंतींवर जाहिरातींची इतकी दाटी झाली होती की, त्यात स्थानकाचे नावच सापडेना. १९०८ च्या सुमारास लाल वर्तुळावरील आडव्या निळ्या पट्टीत नाव लिहिण्याची पद्धत आली आणि जाहिरातींना नेमून दिलेल्या जागी बसविण्यात आले. जाहिराती हटल्या नाहीत, पण उतारूला हवी असलेली माहिती त्यांच्या आधी दिसू लागली.

मुंबईच्या भुयारी मेट्रोत आता खुद्द स्थानकांच्या नावांनाच व्यापारी नावांची जोड मिळाली आहे. वरळीच्या परिसरातील आचार्य अत्रे चौक या स्थानकाच्या नावाआधी एका गुंतवणूक कंपनीचे नाव येते. ज्या अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिकातून संयुक्त महाराष्ट्राची बाजू हिरिरीने लढविली, त्यांचे नाव अशा जोडीने उच्चारले जावे, हे अनेक मराठी माणसांना खटकले. पत्रा भाड्याने देणे निराळे आणि नाव भाड्याने देणे निराळे. पत्र्यावरील रंग पुसता येतो. लोकांच्या जिभेवर बसलेले नाव सहजासहजी पुसता येत नाही.

आता पैशाचा प्रश्न. मोठ्या शहरांतही जाहिरातींचे उत्पन्न वाहतुकीच्या एकूण खर्चाच्या काही टक्क्यांपलीकडे क्वचितच जाते. बेस्टला दीर्घकाळ तारले ते वीजविभागाच्या उत्पन्नाने. विद्युत अधिनियम, २००३ नंतर ही वाट वादात सापडली आणि पुढे बंद झाली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले गेले, तेही महानगरपालिकेच्या अनुदानाच्या आधारावर. मे २०२५ मध्ये तेच भाडे १० रुपये झाले. या सहा वर्षांत बेस्टच्या गाड्यांवर जाहिराती होत्याच. त्यांनी भाडेवाढ टळली नाही.

म्हणूनच इतरत्र निराळे मार्ग शोधले गेले. फ्रान्सने १९७१ साली पॅरिस विभागात मालकवर्गावर वाहतुकीसाठी खास कर बसविला आणि १९७३ पासून तो इतर मोठ्या शहरांतही लागू होऊ लागला. कामगार वेळेवर पोहोचतो त्याचा लाभ मालकाला होतो, हे त्यामागील तत्त्व. लंडनने फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीच्या सुधारणेकडे वळविले. ज्याला बससेवेचा लाभ होतो किंवा ज्याच्यामुळे रस्ता अडतो, त्याने तिचा भार उचलावा, हा न्याय दोन्हींत आहे.

रायपूरने जाहिरात नाकारावी, असा याचा अर्थ नव्हे. तथापि कंत्राटावर सही होण्यापूर्वी चार अटी घालता येतील. जाहिरातीचा पैसा कोठे खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. तो पैसा निवारा, दिवे, वेळापत्रक अशा दिसणाऱ्या सोयींवर खर्च व्हावा. खिडक्या, मार्गक्रमांक आणि थांब्याचे नाव यांवर जाहिरात येऊ नये. आणि गाडीत ध्वनिक्षेपक असलाच, तर त्यावरून पुढील थांब्याचे नावच ऐकू यावे. गाड्या रोज धावत राहाव्यात, यासाठी लागणारा मोठा पैसा मात्र कररूपाने उभारावा लागेल, आणि तसे लोकांना स्पष्ट सांगावे लागेल. जाहिरातीने थांब्यावर छप्पर येईल. त्या छपराखाली उभ्या असलेल्या माणसासाठी बस वेळेवर यावयाची, तर तिचा खर्च शहरालाच सोसला पाहिजे.