फिरऔनची शिक्षा आणि मुक्तांची जबाबदारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हजरत मूसा अलैहिस्सलाम आणि फिरऔन यांची हकिकत आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. आशुऱ्याच्या रोजाचा संबंध हदीसमध्ये हजरत मूसांच्या सुटकेशी जोडलेला आहे. परंतु हीच हकिकत यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, मराठी बायबलात ज्याला ‘निर्गम’ म्हणतात त्या भागात, कशी आली आहे हे आपल्यापैकी थोड्यांनीच वाचले असेल. त्या आधारे आज दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. ईश्वरी शिक्षा कशासाठी येते? आणि गुलामीतून सुटलेल्या माणसावर कोणती जबाबदारी येऊन पडते?

हजरत याकूब यांच्या घराण्यातील सत्तर माणसे मिसर देशी गेली. हजरत यूसुफ यांच्यामुळे तेथे त्यांना मान होता. पुढे यूसुफना न ओळखणारा राजा गादीवर आला. या लोकांची वाढती संख्या पाहून त्याला धास्ती वाटली. त्याने त्यांना वेठीस धरले, त्यांच्याकडून पीथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधून घेतली. मुलगा जन्मला तर मारून टाका, असा हुकूम त्याने सुइणींना दिला. शिफ्रा आणि पुवा या दोघींनी तो मानला नाही. गंमत पाहा, या दोन सुइणींची नावे ग्रंथाने जपून ठेवली. त्या बलाढ्य राजाचे नाव मात्र कोठेच सांगितलेले नाही! आमच्या विद्यार्थिनींनी हे ध्यानात ठेवावे.

हजरत मूसांनी सुटकेची मागणी केली, तेव्हा राजाने विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. त्यानंतर दहा संकटे आली. नदीचे पाणी रक्त झाले. मग बेडूक, उवा, माश्या, जनावरांची साथ, गळवे, गारपीट, टोळधाड, तीन दिवसांचा अंधार आणि शेवटी पहिल्या मुलांचा मृत्यू.

या शिक्षेची रीत पाहण्यासारखी आहे. बहुतेक संकटांपूर्वी राजाला सूचना मिळते. गारपिटीच्या वेळी तर आदल्या दिवशीच सांगितले जाते, की आपली माणसे व गुरे आत घ्या. फिरऔनच्या ज्या चाकरांनी ते ऐकले, त्यांची गुरे वाचली. म्हणजे दार मिसरी माणसालाही उघडे होते. राजाही अधूनमधून नमतो, पण संकट टळले की शब्द फिरवतो. पहिल्या पाच संकटांत त्याचे मन त्याच्याच हट्टाने कठोर राहिले. परमेश्वराने ते कठोर केले, असे शब्द या संकटांच्या हकिकतीत प्रथम सहाव्यानंतर येतात. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मूसा बिन मैमून यांनी याचा अर्थ असा लावला, की माणूस स्वेच्छेने पाप करीत राहिला तर कधी कधी तौबाची वाटच बंद होते आणि तीच त्याची शिक्षा ठरते.

फिरऔनने सौदाही करून पाहिला. आधी म्हणाला, येथेच राहून उपासना करा. मग म्हणाला, जा, पण फार दूर नको. नंतर, फक्त पुरुषांनी जावे. शेवटी, मुलेबाळे न्या, गुरे मात्र ठेवा. हजरत मूसांनी ठाम सांगितले, आम्ही आमच्या तरुणांना, म्हाताऱ्यांना, मुलग्यांना आणि मुलींना घेऊन जाणार. पालकहो, ज्या मुक्तीत मुली मागे राहतात ती मुक्ती पुरी नव्हे. मुलाची फी भरून मुलीला घरी बसविणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एक कठीण प्रश्न मी टाळणार नाही. शेवटच्या संकटात जात्यावर दळणाऱ्या दासीचाही पहिला मुलगा जातो. तिचा काय अपराध? ग्रंथ हे लपवीत नाही, आणि याचे सोपे उत्तरही देत नाही. एवढे खरे, की राजाच्या हट्टाची किंमत राजा एकटा कधीच मोजत नाही. यहुदी कुटुंबे वल्हांडण सणाच्या रात्री सुटकेचा आनंद करतात, तेव्हा दहा संकटांची नावे घेताना प्याल्यातून एकेक थेंब काढून टाकतात. शत्रू मेला तरी आपला आनंद तेवढा कमी झाला पाहिजे, असा त्याचा अर्थ सांगतात.

या कथेची ताकद जुलमी लोकांनी बरोबर ओळखली होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी एक निवडक बायबल छापले गेले. त्यात मिसरमधून सुटका झाल्याची प्रकरणे गाळली होती. धन्याची आज्ञा पाळा, हा उपदेश मात्र ठेवला होता! तरीही गुलामांपर्यंत ही कथा पोहोचलीच. अमेरिकेत अनेक गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या हॅरिएट टबमन या बाईला लोक ‘मोझेस’ म्हणजे मूसा म्हणत.

आता दुसरा प्रश्न. सुटलेल्या लोकांना समुद्रापलीकडे लगेच कायदा मिळाला. हिब्रू दासाला सातव्या वर्षी मोकळे करा, आणि रिकाम्या हाताने पाठवू नका. दासाचा दात पाडलात तर त्याला सोडून द्या. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका. विसाव्याचा दिवस दासदासींनाही द्या, कारण तुम्हीही मिसरमध्ये दास होता. या कायद्याने गुलामगिरी समूळ गेली नाही. परक्या दासांना सातव्या वर्षाची सवलत नव्हती. पण मुक्त माणसाने आपले जुने दिवस विसरू नयेत, ही शिकवण पक्की होती.

ती विसरली गेली तेव्हा काय झाले? यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे चौतिसावे प्रकरण वाचा. बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला. राजा सिद्कीया आणि सरदारांनी भीतीपोटी आपले हिब्रू दास मोकळे केले. वेढा काही काळ उठला आणि त्यांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणले. यिर्मयाने बजावले, की तुम्ही बांधवांना मुक्ती दिली नाही, आता तलवार, रोगराई आणि दुष्काळ तुमच्यावर मोकळे सुटतील. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास ते शहर जळाले.

मित्रहो, या प्रकरणात फिरऔन मिसरचा नव्हता. काल ज्यांच्या पाठीवर कोरडे ओढले गेले, त्यांचेच वंशज आज फिरऔनसारखे वागत होते. ईश्वराने त्यांना वेगळे माप लावले नाही.

म्हणून ही कथा मुलांना सांगताना फिरऔन नेहमी दुसराच कोणी असतो, असे शिकवू नका. आपल्यावर अन्याय झाला तर त्याविरुद्ध जरूर बोलावे. पण आपल्या घरी भांडी घासणारी मुलगी शाळेत जाते का, आपल्या दुकानातल्या पोऱ्याला सुटीचा दिवस मिळतो का, दिलेल्या उसन्या पैशांपायी आपण कोणाला राबवून तर घेत नाही ना, हेही विचारावे. विद्यार्थ्यांनो, शिकून तुम्ही उद्या मोठ्या खुर्चीवर बसाल. तेव्हा तुमच्या दाराशी कोणी सुटकेची मागणी घेऊन आला, तर त्याला उद्या या म्हणू नका.