मैदानावरून महाविद्यालयाकडे
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



हीरकमहोत्सवात गतवैभवाचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. मी मात्र बंगळुरूहून आलो आहे, आणि तेथे नित्य दृष्टीस पडणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलू इच्छितो.

२०२२ साली बंगळुरूत खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. यजमान जैन विद्यापीठाने २० सुवर्णपदकांसह अग्रस्थान पटकावले. पदकांमुळे संस्थेचा लौकिक वाढतो. परंतु ती मिळविणारा खेळाडू घडतो शाळेच्या मैदानावर. म्हणूनच गुणी शालेय खेळाडू आपल्याकडे यावा यासाठी महाविद्यालयांत चुरस असते. क्रीडा कोट्यातून प्रवेश, शुल्कमाफी, वसतिगृह, उपस्थितीत सवलत अशा सोयी देऊ केल्या जातात. सामान्य घरातील मुलासाठी ही मोठीच संधी आहे.

योग्य संस्थेची निवड काय घडवू शकते, हे आपण जाणतोच. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने सचिन तेंडुलकर शारदाश्रम विद्यामंदिरात गेले आणि १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत विनोद कांबळींसह त्यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी रचली. त्या सल्ल्यामागे मुलाच्या खेळाचा विचार होता.

हा विचार मागे पडला की काय होते, ते अमेरिकेत दिसले. जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा लॅक्रॉस हा खेळ तेथे लोकप्रिय आहे. उत्तम खेळाडू हेरण्याची महाविद्यालयांची घाई एवढी वाढली की आठवी-नववीतील मुलेही प्रवेशाचा शब्द देऊन बसू लागली. अखेर २०१७ मध्ये नियम झाला : अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी महाविद्यालयीन प्रशिक्षकाने भरतीसंबंधी खेळाडूशी बोलू नये. विशेष म्हणजे प्रशिक्षकांच्या संघटनांनीच तो मागितला होता.

पालकहो, आपल्याकडे बोलावणे आले की आनंद जरूर माना. पण होकारापूर्वी काही प्रश्न विचारा. गुडघा दुखावला तर शुल्कमाफी टिकेल काय? उपचारांचा खर्च कोण करील? स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर काय? बुडालेले तास कोण भरून काढील? उत्तरे लेखी घ्या. मराठी माध्यमातील मुलाला बंगळुरूत इंग्रजीतून शिकावयाचे असते. पहिल्या वर्षी मैदानाइतकाच वर्गातही त्याचा कस लागतो. त्यासाठी कोणते साहाय्य मिळेल, हेही विचारा.

येथे शाळेचेही कर्तव्य आहे. दहावीचा दाखला हाती दिला म्हणजे नाते संपत नाही. क्रीडाशिक्षकांनी पालकांच्या शेजारी बसून अटी वाचाव्यात. बाहेरगावी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी नवागतांची विचारपूस करावी. बंगळुरूपुरती ती जबाबदारी मी आनंदाने स्वीकारतो.

खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी असतात, आयुष्य दीर्घ असते. पदक आणि पदवी या दोहोंचा विचार करून आपली मुले पुढे जावोत, ही सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.