बांधावरचे पाच दगड



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तेव्हा जे स्वतः पाहिले, तेवढेच सांगते.

आपली खराडी १९९७ साली महापालिकेत आली. त्याआधी इथे ज्वारी डुलत होती, हे नव्या शेजारणींना खरे वाटत नाही. पण इमारतींच्या आडोशाला अजून कुठे कुठे जुने बांध आहेत. आमचाही एक आहे. पलीकडे चुलत दिरांचे रान. बांध कोणी कोरला, यावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षे अबोला होता. शेवटी सरकारी मोजणी आणायचे ठरले.

मी सासूबाईंना म्हटले, “मोजणीआधी आपणच एकदा बघू या का?” त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण चिंचेपासून विहिरीपर्यंत हद्दीचे सात दगड होते, हे त्यांना पाठ होते. मी धाकट्या चुलत जाऊबाईंनाही बोलावले. एकटीने पाहिले तर कोण विश्वास ठेवणार?

पूर्वी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंग्रजी अमलात, १८३५ च्या सुमारास, गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीला आरंभ केला. आम्ही सुंभाची तेहतीस फूट दोरी घेतली, पहार घेतली आणि सकाळी उन्हाआधी निघालो.

घाणेरी तोडली, राडारोडा बाजूला केला. सासूबाई बोट दाखवीत, मी पहार मारी. माती असली की पहार मुकी जाते, दगड असला की खणकन वाजते. सातांपैकी पाच दगड सापडले. पण ते बांधाखाली नव्हते! बांधापासून दोन हात आत, आमच्याच रानात होते. म्हणजे बांध सरकला होता तो पलीकडे, आणि सरकवला होता आमच्या घराने.

लांबी सहा साखळ्या भरली. तीन फूट रुंदीने हिशेब केला तर अर्ध्या गुंठ्याहून अधिक जागा. खराडीत आज तिचे मोल काय, ते तुम्ही जाणता. जाऊबाई एवढेच म्हणाल्या, “ताई, माती टाकून बुजवू का?” मला जुन्या गधेगाळीची आठवण झाली. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दगडावर शाप कोरून ठेवीत. मी म्हटले, “नको. उघडेच राहू दे.”

रात्री यजमानांना सारे सांगितले. ते जेवता जेवता उठले. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः चुलत दिरांकडे गेले. पुढे मोजणीतही हद्द त्या दगडांवरूनच निघाली, आणि आम्ही कुंपण मागे घेतले. त्या दिवाळीला फराळाची ताटे पुन्हा बांध ओलांडू लागली.

भगिनींनो, हद्दीच्या खुणा सांभाळणे हे १९६६ च्या जमीन महसूल कायद्याने जमीनधारकाचेच काम ठरवले आहे. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर मुलासुनांना घेऊन एकदा बांधावरून चालून या. दगड आपल्या बाजूने बोलेलच असे नाही; पण त्याचे ऐकले तर घर तुटत नाही.